पुढचा पोप कोण? अंदाज बांधायची रीत

७ मे २०२५ रोजी पोपच्या निवडणुकीसाठी व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपेलची दारं बंद झाली तेव्हा जगभरच्या बहुतेक याद्यांमध्ये पिएत्रो पारोलिन पहिले आणि लुईस अंतोनियो ताग्ले दुसरे होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, चौथ्या फेरीत, निवडून आले रॉबर्ट प्रेव्होस्ट, म्हणजे पोप लिओ चौदावे. त्यांच्या नावावर सट्टेबाजांनीही फारसे पैसे लावले नव्हते. अशा याद्यांमधून कळतं ते एवढंच, की कोणता कार्डिनल (पोपने नेमलेला, पोप निवडणारा वरिष्ठ धर्मगुरू) किती प्रसिद्ध आहे. निवडणूक वेगळ्या हिशोबावर होते आणि त्यातला बराचसा हिशोब घरी बसून, आधीच करून ठेवता येतो. नक्की नाव सांगता येईलच असं नाही, पण भलत्या नावांमागे धावणं नक्की थांबतं.

सुरुवात उमेदवारांपासून करू नका, मतदारांपासून करा. व्हॅटिकनचं प्रेस ऑफिस कार्डिनलांची यादी जन्मतारखांसह प्रसिद्ध करतं. ती एका तक्त्यात उतरवून घ्या: नाव, ८० वर्षं पूर्ण होण्याची तारीख, कोणत्या पोपने कार्डिनल केलं, आजवर कुठे कुठे काम केलं, कोणत्या भाषा येतात. तक्ता वयानुसार लावू नका, ऐंशीच्या तारखेनुसार लावा. गादी रिकामी होण्याच्या आदल्या दिवशी ज्याची ऐंशी पूर्ण झालेली नाहीत, त्यालाच मत देता येतं. हा नियम किती काटेकोर आहे ते २०२५ मध्ये दिसलं. केरळचे जॉर्ज आलेंचेरी १९ एप्रिलला ऐंशीचे झाले, पोप फ्रान्सिस २१ एप्रिलला गेले. दोन दिवसांनी आलेंचेरींचं मत हुकलं. मुंबईचे ऑस्वाल्ड ग्रेशस २०१३ मध्ये मतदार होते, पण २०२४ च्या डिसेंबरातच ऐंशी ओलांडल्यामुळे या वेळी बाहेर राहिले.

हीच तारीख पुढच्या निवडणुकीलाही लागू आहे. लिओ चौदावे १९५५ चे आहेत, म्हणजे पोपच्या मानाने तरुणच. घानाचे पीटर टर्कसन ऑक्टोबर २०२८ मध्ये मतदार यादीतून जातील, गोव्याचे फिलिप नेरी फेर्राव जानेवारी २०३३ मध्ये, पारोलिन जानेवारी २०३५ मध्ये, ताग्ले जून २०३७ मध्ये. जेरुसलेमचे पिएरबत्तिस्ता पित्साबाल्ला मात्र २०४५ पर्यंत आहेत. ऐंशीनंतर निवडून येता येत नाही असं नाही, पण तसं कुणी करत नाही. त्यामुळे २०२५ ची यादी जपून ठेवून दहा वर्षांनी तीच वापरणं म्हणजे शिळ्या कढीला ऊत. नवे कार्डिनल नेमले गेले की तक्ता पुन्हा मांडायचा.

तक्त्यात दोन चुका नेहमी होतात. पोपने ज्याचं नाव गुप्त ठेवलंय असा कार्डिनल लोक मोजतात. नाव जाहीर होण्याआधी पोप वारले तर त्याचा हक्क संपतो. आणि आजारी असलेले वजा करायचे राहून जातात. २०२५ मध्ये पात्र १३५ होते, दोघे प्रकृतीमुळे आले नाहीत, मतदान १३३ जणांनी केलं. ‘बाप्तिस्मा झालेला कोणताही पुरुष पोप होऊ शकतो’ हे वाक्य बातम्यांत हमखास येतं. नियम खरा आहे. पण कार्डिनल नसलेला माणूस शेवटचा निवडला गेला तो १३७८ मध्ये, तेव्हा त्यासाठी वेगळा रकाना आखण्यात अर्थ नाही.

आकडा एक नाही, दोन काढा

निवडून यायला दोन तृतीयांश मतं लागतात, अपूर्णांक आला तर पुढचा पूर्ण आकडा. १३३ असतील तर ८९. हा आकडा सगळेच छापतात. दुसरा आकडा मात्र कुणी काढत नाही आणि खरं काम तोच करतो: अडवायला किती लागतात? १३३ मध्ये ४५. पंचेचाळीस जण ‘हा नको’ म्हणून ठाम राहिले तर उरलेले ८८ काहीही करू शकत नाहीत.

जॉन पॉल दुसऱ्यांच्या १९९६ च्या नियमावलीत एक पळवाट होती. तिसाहून अधिक फेऱ्या निष्फळ गेल्या तर साध्या बहुमतावर यायची मुभा होती. म्हणजे निम्म्याहून थोड्या अधिक लोकांनी चिकाटी धरली तर ते आपला माणूस बसवू शकले असते. बेनेडिक्ट सोळाव्यांनी २००७ मध्ये ती वाट बंद केली. आता कितीही फेऱ्या झाल्या तरी दोन तृतीयांशच. त्यामुळे प्रत्येक नावापुढे ‘याला कोण मत देईल’ हे लिहायच्या आधी ‘याला कोण कदापि देणार नाही’ हे लिहा. आघाडीची नावं इथेच गळतात. तीस वर्षं मोठ्या पदांवर काढलेल्या माणसाने तीस वर्षं कुणाला ना कुणाला नाही म्हटलेलं असतं. ज्याला पहिली पसंती थोड्यांची पण दुसरी पसंती पुष्कळांची, असा माणूस चौथ्या-पाचव्या फेरीत वर येतो.

गट मोजताना सांभाळून. १३३ पैकी १०८ जण फ्रान्सिस यांनी नेमलेले होते, यावरून ‘आता दुसरा फ्रान्सिसच’ असा निष्कर्ष सर्रास काढला गेला. पण २०१३ चे सगळे ११५ मतदार जॉन पॉल किंवा बेनेडिक्ट यांनी नेमलेले होते आणि त्यांनीच बेर्गोल्यो यांना, म्हणजे फ्रान्सिस यांना, निवडलं होतं. खंडांचंही तसंच. ‘आशियाची तेवीस मतं’ अशी काही वस्तू नसते. मनिला, टोकियो आणि गोवा यांचे प्रश्न वेगळे आणि ओळखीही वेगळ्या. देशांमध्ये सर्वात मोठा गट इटलीचा असतो, तरी १९७८ नंतर इटालियन पोप झालेला नाही.

चाळणी

आता नावं घ्या. चाळणी चार गोष्टींची.

वय: १९७८ च्या ऑक्टोबरात वोयतिवा (जॉन पॉल दुसरे) ५८ चे होते, २००५ मध्ये रात्सिंगर (बेनेडिक्ट सोळावे) ७८ चे, २०१३ मध्ये बेर्गोल्यो ७६ चे, २०२५ मध्ये प्रेव्होस्ट ६९ चे. साठीच्या आतला माणूस निवडायला मतदार कचरतात, कारण एकदा बसला की पंचवीस वर्षं बसू शकतो. वोयतिवा सव्वीस वर्षांहून अधिक काळ होते.

भाषा: इटालियन येत नसेल तर नाव बाजूला ठेवा. पोप हा आधी रोमचा बिशप असतो, आणि मतदानाआधीच्या बैठकांनंतरच्या गप्पाही बऱ्याचशा इटालियनमध्येच होतात.

अनुभव: धर्मप्रांत (बिशपच्या हाताखालचा प्रदेश) चालवलेला हवा आणि रोमचं कार्यालयही आतून पाहिलेलं हवं. नुसता मुत्सद्दी किंवा नुसता लोकप्रिय बिशप, दोघांनाही मतं मिळतात, पण ती मध्येच अडकतात. लैंगिक शोषणाच्या तक्रारी आल्या तेव्हा या माणसाने काय केलं, हेही इथेच तपासा. आता यावरून नाव पडतं.

ओळख: हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित. प्रसिद्धी म्हणजे ओळख नव्हे. इतर कार्डिनल या माणसाला प्रत्यक्ष भेटले आहेत का, हा प्रश्न आहे. फ्रान्सिस यांनी दूरदूरच्या देशांतून कार्डिनल नेमले. २०२५ चे मतदार सुमारे सत्तर देशांतून आले होते आणि अनेकांना एकमेकांची नावंसुद्धा माहीत नव्हती.

ही चाळणी प्रेव्होस्ट यांना लावून पाहा. बारा वर्षं ऑगस्टिनियन या धर्मगुरूंच्या संघाचे प्रमुख, त्या निमित्ताने जगभर प्रवास. नंतर पेरूमधल्या चिक्लायोचे बिशप. २०२३ पासून बिशपांच्या नेमणुका पाहणाऱ्या विभागाचे प्रमुख, म्हणजे जगभरच्या बिशपांचा त्यांच्या टेबलाशी संबंध. फेब्रुवारी २०२५ मध्ये फ्रान्सिस यांनी त्यांना कार्डिनलांच्या सर्वात वरच्या श्रेणीत घेतलं. इंग्रजी, स्पॅनिश, इटालियन तिन्ही उत्तम. सगळे रकाने भरलेले, फक्त एकाच रकान्यात फुली: अमेरिकन. ‘महासत्तेचा माणूस पोप होत नाही’ या ठोकताळ्याने बहुतेकांनी त्यांना खोडलं. १९७८ पर्यंत ‘इटलीबाहेरचा होत नाही’ हाही असाच ठोकताळा होता, आणि तो साडेचारशे वर्षं टिकलेला होता. एका फुलीवर नाव खोडू नका, नाव फक्त खाली सरकवा.

मराठी बातम्यांत दर वेळी भारतीय नाव पुढे येतं. २००५ मध्ये मुंबईचे आयव्हन डायस यांचं नाव परदेशी वर्तमानपत्रांतही होतं. २०२५ मध्ये भारताचे चार मतदार होते: फेर्राव, हैदराबादचे अँथनी पूला, केरळमधल्या सिरो-मलंकारा चर्चचे बसेलिओस क्लिमिस आणि फ्रान्सिस यांच्या परदेश दौऱ्यांची व्यवस्था पाहिलेले जॉर्ज कूवाकाड. चाळणी त्यांनाही तीच. फेर्राव आशियाई बिशप परिषदांच्या महासंघाचे अध्यक्ष आहेत, म्हणजे ओळखीचा रकाना भरलेला. रोममधल्या कामाचा मात्र रिकामा. कूवाकाड यांचं उलट: रोम पक्कं, धर्मप्रांत नाही, आणि २०२५ मध्ये वय अवघं ५१.

गादी रिकामी झाल्यावर

पोप गेल्यापासून १५ ते २० दिवसांत मतदान सुरू होतं; सगळे मतदार आधी पोहोचले तर त्याआधीही. या दिवसांत रोज कार्डिनलांची बैठक असते आणि तिथे ऐंशी पार केलेलेही बोलतात. मत नसलं तरी वजन असतं. २०१३ मध्ये बेर्गोल्यो तिथे काही मिनिटंच बोलले आणि वारं फिरलं. म्हणून या काळात मुलाखती कमी वाचा. कोणाच्या भाषणाची नंतर चर्चा झाली एवढंच टिपा.

गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेला कार्डिनल शोधू नका, तो सापडणार नाही. पोप हयात असताना त्यांना न विचारता पुढच्या निवडणुकीची आखणी करायला मनाई आहे आणि मतांच्या बदल्यात कोणतंही वचन देता येत नाही. प्रचार होतो तो इटालियन वर्तमानपत्रांतून, आडून. बातमी वाचली की विचारा: ही छापून आल्याने कुणाचं भलं होतंय? २०२५ मध्ये पारोलिन यांची तब्येत बिघडल्याची बातमी फिरली आणि व्हॅटिकनला ती खोडून काढावी लागली. एखाद्याची अति स्तुतीही बहुधा विरोधी गोटातून येते, कारण आधी चमकलेलं नाव आधी झिजतं.

दारं बंद झाल्यानंतर ‘आतल्या गोटातून’ आलेले मतांचे आकडे सरळ कचऱ्यात टाका. फोन काढून घेतलेले असतात, सिग्नल बंद केलेले असतात आणि गुप्तता मोडणाऱ्याला चर्चमधून बहिष्काराची शिक्षा आहे. आकडे फुटतात ते नंतर. २००५ मध्ये बेर्गोल्यो दुसरे होते हे त्याच वर्षी सप्टेंबरात एका कार्डिनलच्या डायरीतून छापून आलं. आठ वर्षांनी ‘आता ते म्हातारे झाले’ म्हणत लोकांनी ते विसरून टाकलं. मागच्या वेळी कोण दुसरा होता, यासाठी तक्त्यात एक रकाना जरूर ठेवा.

सट्ट्याचे भाव पाहायला हरकत नाही, पण त्यात आतली माहिती नसते; वर्तमानपत्रांत जे असतं तेच असतं. पैसे लावू नका. आपल्याकडे कायद्याची अडचण आहेच, आणि पोप ग्रेगरी चौदाव्यांनी तर १५९१ मध्येच पोपच्या निवडणुकीवरच्या पैजांवर बहिष्काराची शिक्षा ठेवली होती. मलाकी संताची म्हणून सांगितली जाणारी, भावी पोपांची यादी देणारी भविष्यवाणीही सोडून द्या. तिच्या हिशोबाने फ्रान्सिस शेवटचे ठरत होते.

फेऱ्या आणि धूर

पहिल्या दिवशी संध्याकाळी एक फेरी, नंतर रोज चार: दोन सकाळी, दोन दुपारनंतर. सकाळच्या दोन्ही फेऱ्यांचे कागद एकदम जाळतात, म्हणून काळा धूर (निवड झाली नाही) दिवसातून दोनदाच येतो. उन्हाळ्यात भारतीय वेळ रोमच्या साडेतीन तास पुढे असते. काळा धूर साधारण दुपारी ३:३० आणि रात्री १०:३० ला अपेक्षित धरा. दुपारी २ किंवा रात्री ९ च्या सुमारास धूर दिसला, तर तो पांढराच (निवड झाली) असायला हवा. हिवाळ्यात प्रत्येक वेळेत एक तास मिळवा. पहिल्या दिवशी उशीर गृहीत धरा; २०२५ मध्ये तो धूर आपल्याकडे रात्री साडेबाराला आला. दुसऱ्या दिवशीचा पांढरा धूर मात्र ९:३७ ला.

रंगावर पहिल्या काही सेकंदांत विश्वास ठेवू नका. १९५८ मध्ये धूर आधी पांढरा वाटला आणि गोंधळ उडाला. आता रसायनं वापरतात: काळ्यासाठी पोटॅशियम परक्लोरेट, अँथ्रासिन आणि गंधक, पांढऱ्यासाठी पोटॅशियम क्लोरेट, लॅक्टोज आणि राळ. तरीही सुरुवातीचा लोट राखाडी दिसू शकतो. २००५ पासून पांढऱ्या धुरासोबत घंटा वाजवतात, तिची वाट पाहा.

फेऱ्या मोजत यादी बदलत राहा. २००५ आणि २०२५ ला चार फेऱ्या लागल्या, २०१३ ला पाच, १९७८ च्या ऑक्टोबरात आठ. पाचवीपर्यंत काही झालं नाही तर आघाडीच्या दोन-तीन नावांना पंचेचाळीसची भिंत लागली असं धरा आणि त्यांना तळाशी न्या. तीन दिवस निष्फळ गेले तर जास्तीत जास्त एक दिवसाची विश्रांती, मग सात-सात फेऱ्या आणि दर सातांनंतर पुन्हा थांबा. तेही संपलं की फक्त पहिल्या दोघांत लढत, आणि त्या दोघांना मतदान करता येत नाही.

धुरानंतर साधारण तासाभराने सज्जातून नाव पुकारलं जातं. आधी लॅटिनमधलं पहिलं नाव, मग क्षणभर थांबून ‘कार्डिनालेम’ आणि आडनाव. म्हणून आपल्या यादीतल्या दहा-पंधरा जणांची पहिली नावं लॅटिनमध्ये शेजारी लिहून ठेवा. २०२५ मध्ये ‘रोबेर्तुम फ्रान्सिस्कुम’ ऐकून कित्येक निवेदक गोंधळले. उलट ‘पेत्रुम’ आलं असतं तर पारोलिन, हंगेरीचे एर्दो आणि टर्कसन, तिघेही त्यात बसले असते. त्या वेळी मराठी-हिंदी वाहिनीचा आवाज बंद करून व्हॅटिकनचं मूळ प्रक्षेपण लावा, कारण नेमक्या त्याच दोन सेकंदांत निवेदक बोलत असतात. आणि आडनाव स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय ग्रुपवर अभिनंदन टाकू नका. २०१३ मध्ये इटलीच्या बिशप परिषदेने नव्या पोपचं अभिनंदन करणारं पत्रक काढलं होतं, मिलानच्या आंजेलो स्कोला यांच्या नावाने.