रेकी आणि विणकाम एकत्र कसं करायचं: आजारी माणसासाठी शाल

विणता येतं आणि रेकीची (तळहात ठेवून ऊर्जा देता येते असं मानणारी जपानी पद्धत) पहिली डिग्री, म्हणजे पहिल्या पातळीची दीक्षा, पण झालीय अशा बऱ्याच जणांना दोन्ही एकत्र करावंसं वाटतं. मग सुया हातात घेऊन विणता विणताच रेकी द्यायला बघतात, आणि होतं काय की टाकेही चुकतात आणि रेकीतही मन लागत नाही. साधं कारण आहे, रेकीत तळहात एका जागी शांत ठेवायचे असतात आणि विणताना तेच हात सतत हलत असतात. म्हणून माझं मत असं की रेकी विणण्याच्या आधी, मधे थांबल्यावर आणि शाल पूर्ण झाल्यावर द्यायची, प्रत्यक्ष विणताना फक्त श्वास आणि रेकीची तत्त्वं सोबत ठेवायची. एवढं पक्कं केलंत की बाकी सगळं जमतं.

सगळ्यात आधी, ज्याच्यासाठी विणताय त्याला विचारा. सरप्राइज द्यायचा मोह होतो पण रेकी कुणावर लादायची नसते, आणि काही जणांना ती त्यांच्या श्रद्धेत बसत नाही म्हणून नको असते, तर अशा वेळी नुसती शाल प्रेमाने विणून द्या, तीही भरपूर आहे. आणि हे पण स्पष्ट सांगा की रेकीने आजार बरा होतो असं वैद्यकीय संशोधनातून सिद्ध झालेलं नाही, औषधं आणि डॉक्टर चालूच ठेवायचे. शाल ऊब देते, कुणीतरी आपल्यासाठी इतके तास बसलं होतं हे सांगते, आणि आजारात ही गोष्ट छोटी नसते.

तुमची रेकीची दीक्षा झाली नसेल तर त्याला रेकी म्हणू नका, तुमची जी प्रार्थना किंवा नामजप असेल तो घ्या, खाली लिहिलेली पद्धत तशीच चालते.

आता लोकर. इथे घाई करू नका कारण आजारी माणसाची त्वचा नाजूक झालेली असते, विशेषतः किमो चालू असेल तर. गालाला आणि मानेला लावून बघा, जरा जरी टोचली तरी ती नको. केसाळ लोकर, म्हणजे मोहेर किंवा अंगोरा, टाळाच, तिचे तंतू सुटतात आणि नाकातोंडात जातात. मशीनमध्ये धुता येईल अशी मऊ लोकर, चांगलं अ‍ॅक्रिलिक किंवा कॉटन मिक्स घ्या. आणि एक महत्त्वाचं, विणायला बसताना अगरबत्ती, धूप किंवा सुगंधी तेल वापरायची सवय असेल तर या शालीसाठी ती बाजूला ठेवा, लोकर वास धरून ठेवते आणि पेशंटला त्याच वासाने मळमळू शकतं.

पॅटर्न एकदम सोपा हवा. जाळीचं किंवा वेण्यांचं डिझाइन घेतलंत तर सगळं लक्ष मोजण्यात जातं. १९९८ मध्ये अमेरिकेत जॅनेट ब्रिस्टो आणि व्हिक्टोरिया कोल-गॅलो या दोघींनी प्रार्थना करत शाल विणून द्यायचा उपक्रम सुरू केला, त्यात तीन सुलट तीन उलट ही वीण खूप चालते, आणि मला या कामासाठी तिच्याइतकी चांगली दुसरी वाटत नाही. जाड लोकर, ८ मिमीच्या सुया, ५७ टाके घाला. प्रत्येक ओळ तीन सुलटने सुरू, मग तीन उलट, असं करत शेवट तीन सुलटने. सगळ्या ओळी सारख्याच, त्यामुळे कितवी ओळ चाललीय हे लक्षात ठेवायची गरजच नाही, आणि शाल दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. साधारण ५०० मीटर लोकर लागते, लांबी ६० इंचाच्या आसपास ठेवा.

रोज बसताना हात धुवा, सुया मांडीवर ठेवा, नमस्कारासारखे हात जोडून दोन मिनिटं शांत बसा आणि त्या माणसाचं नाव मनात घ्या. मग लोकरीचा गुंडा किंवा झालेला भाग दोन्ही तळहातांमध्ये धरून तीन ते पाच मिनिटं रेकी द्या. मग विणायला घ्या. तीन सुलट टाक्यांना श्वास आत, तीन उलट टाक्यांना श्वास बाहेर, हात भरभर चालत असतील तर सहा टाक्यांना एक श्वास आत आणि पुढच्या सहाला बाहेर, पण श्वास ओढूनताणून जुळवू नका, चक्कर येईल.

ओळीला एक तत्त्व घ्यायचं. जपानमध्ये मिकाओ उसुईंनी १९२२ मध्ये रेकी सुरू केली तेव्हापासूनची ही पाच तत्त्वं तुम्हाला पाठ असतीलच: फक्त आजच्या दिवशी रागावणार नाही, काळजी करणार नाही, कृतज्ञ राहीन, आपलं काम मनापासून करीन, सगळ्यांशी प्रेमाने वागेन. ओळ सुरू करताना एक म्हणायचं आणि ओळ संपेपर्यंत त्याच्यासोबत राहायचं, पाच ओळी झाल्या की पुन्हा पहिलं. काळजीच्या ओळीला बहुतेकांचं मन भरून येतं कारण माणूस आपलाच असतो, तर येऊ द्या, सुया खाली ठेवा, विणलेल्या भागावर तळहात ठेवून बसा आणि शांत वाटलं की पुढे.

राग आलेला असताना मात्र विणू नका. तुमचा राग लोकरीत उतरतो वगैरे मी म्हणत नाही, पण हात ताठ होतात, टाके घट्ट पडतात आणि तेवढी पट्टी आखडलेली दिसते. मनगटं दुखायला लागण्याआधी थांबा, अर्ध्या तासाने हात सोडवा. टाका सुटला तर क्रोशाच्या सुईने लगेच उचला नाहीतर तो खालपर्यंत उसवत जातो, पण सुलटच्या जागी एखादा उलट पडला असेल तर खुशाल राहू द्या, तेवढ्यासाठी दहा ओळी उसवायची काही गरज नाही.

शेवटचे टाके सैल हाताने बंद करा, नाहीतर ती कड आवळते. टोकं नीट आत ओवून घ्या, शाल सौम्य साबणाने धुवा, पूर्ण वाळू द्या, मग घडी करून दोन्ही हातांमध्ये धरून शेवटची रेकी द्या, यावेळी घाई नको, दहा-पंधरा मिनिटं तरी. सोबत छोट्या कागदावर लोकर कसली आहे आणि कशी धुवायची ते लिहा, कारण ती बहुतेक वेळा पेशंटची काळजी घेणाराच धुणार असतो आणि गरम पाण्यात टाकली की काही लोकरी आटतात.