वकील गेले तर वेकला जा

न्यू जर्सीत नव्यानं आलेल्यांना आम्ही जुनी मंडळी बरंच काही सांगतो. कुठल्या गावच्या शाळा चांगल्या, कढीपत्ता कुठे ताजा मिळतो, गाडीचा विमा कसा घ्यावा. ओळखीतलं कुणी गेलं तर काय करायचं, हे सांगायचं मात्र राहून जातं. आणि ती वेळ येतेच, बहुतेकदा तुमच्या वकिलाच्या निमित्तानं.

इथे घर घेताना, निदान राज्याच्या उत्तर भागात, दोन्ही बाजूंचे वकील असतात. एजंटनं भरलेल्या करारावर सह्या झाल्या की तो तपासायला वकिलाला कामकाजाचे तीन दिवस मिळतात. तेवढ्यात तो बदल मागू शकतो किंवा करार मोडूही शकतो. हे काम करणारे वकील पुष्कळदा इटालियन-अमेरिकन, साठी-सत्तरीचे, एकट्यानं प्रॅक्टिस करणारे असतात. आमचेही तसेच होते. ऑफिसात डिग्री एक आणि नातवंडांचे फोटो भिंतभर. रविवारी दुपारी फोन उचलायचे नाहीत, कारण तेव्हा सगळं घरदार टेबलाभोवती जमलेलं असायचं. बाकी कधीही उचलत. तुमचं घर, तुमचं मृत्युपत्र, मग तुमच्या भावाचं घर, असं त्यांच्याशी नातं वाढत जातं, आणि एक दिवस निरोप येतो की साहेब गेले.

अशा वेळी आपल्यातले बरेचजण त्यांच्या मुलाला चार ओळींचा मेल पाठवून मोकळे होतात. 'आपण परके, त्यांच्या घरच्या दुःखात कशाला घुसायचं' हा संकोच असतो. तो सोडा. घरच्यांपुरतं काही ठेवायचं असेल तर ते तसं स्पष्ट लिहितात. वेक, म्हणजे दफनाआधी अंत्यदर्शन घेऊन घरच्यांना भेटायची वेळ, सगळ्यांसाठीच असतो, आणि कोण आलं होतं हे घरचे वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात.

अंत्यविधीची व्यवस्था बघणाऱ्या फ्युनरल होमच्या वेबसाइटवर त्यांच्याबद्दलचा मजकूर येतो. तो नीट वाचा. वेकची तारीख आणि तास, दुसऱ्या दिवशीचा चर्चमधला मास म्हणजे प्रार्थनाविधी, दफन कुठे, हे सगळं त्यात असतं. फुलांऐवजी अमुक संस्थेला देणगी द्या असं लिहिलं असेल, तर फुलं नेऊ नका. उरलेला मजकूरही वाचा. वकिलीबद्दल दोन ओळी असतात आणि घरच्यांबद्दल दहा: बायको, मुलं, सुना-जावई, नातवंडं, मुलांच्या बेसबॉल टीमला किती वर्षं कोचिंग केलं, टोमॅटो कसे लावायचे. कुणाला भेटून काय बोलायचं, ते त्यातूनच कळतं.

कपडे गडद रंगाचे, साधे. आपल्याकडचा पांढरा सदरा इथे वेगळा दिसतो. आत गेल्यावर आधी वहीत नाव-पत्ता लिहा, कारण आभाराची पत्रं त्यावरूनच जातात. मग रांग. शवपेटी बहुतेकदा उघडी असते आणि आत माणूस सूट-टायमध्ये, हातात जपमाळ. पहिल्यांदा पाहताना आपल्याला धस्स होतं, लहान मुलांना आधी सांगून ठेवा. पेटीसमोर गुडघे टेकायला छोटं बाक असतं. गुडघे टेकलेच पाहिजेत असं नाही. क्षणभर उभं राहून हात जोडले तरी कुणाला खटकत नाही. पुढे घरची माणसं ओळीनं उभी असतात. ती मिठी मारतील, गालाला गाल लावतील. अवघडू नका.

बोलायचं काय? 'सॉरी फॉर युअर लॉस' सगळेच म्हणतात, तुम्हीही म्हणा, पण त्यापुढे एक खरी गोष्ट सांगा. मी त्यांच्या मुलीला म्हणाले, "तुमच्या वडिलांनी हट्ट धरला म्हणून आमच्या अंगणात पुरलेली जुनी तेलाची टाकी सापडली, नाहीतर ती काढायचा खर्च आमच्या गळ्यात पडला असता." ती रडता रडता हसली आणि तिनं भावाला हाक मारली, "हे ऐक." माझ्यामागे रांगेत एक प्लंबर होता, त्याच्यामागे निवृत्त न्यायाधीश. दोघांकडे आपापल्या गोष्टी होत्या.

हे इटालियन-अमेरिकन वकील असे का, ते समजायला इथल्याच न्यूअर्क शहरातल्या पीटर रोडिनोंकडे पाहावं. १९०९चा जन्म, वडील इटलीहून आलेले. मिळेल ती कामं करत रात्रीच्या कॉलेजात शिकून १९३७ साली कायद्याची पदवी घेतली आणि वकील झाले. त्याआधीच नव्यानं आलेल्यांसाठी नागरिकत्वाचे आणि भाषण करायला शिकवणारे वर्ग घेत होते. १९४९ पासून चाळीस वर्षं काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत. १९७४ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यावरच्या महाभियोगाची सुनावणी ज्या समितीपुढे झाली, तिचे हे अध्यक्ष. महाभियोगाच्या बाजूनं मत दिल्यावर ते आतल्या खोलीत गेले, बायकोला फोन लावला आणि रडले. देश हलवणारा निर्णय घेऊन माणूस पहिला फोन घरी करतो, हे मला फार इटालियन वाटतं.

आपल्याशी त्यांचा संबंध त्याहून जवळचा आहे. १९२४च्या कायद्यानं अमेरिकेत स्थायिक व्हायला येणाऱ्यांचा देशागणिक कोटा ठरवला तेव्हा इटलीच्या वाट्याला वर्षाला सहा हजारही जागा राहिल्या नाहीत. भारतीयांना तर दार बंदच होतं; १९४६ साली ते किलकिलं झालं तेही वर्षाला फक्त १०० जणांसाठी. हा कोटा मोडावा म्हणून जोर लावणाऱ्यांत इटालियन-अमेरिकन पुढे होते, आणि काँग्रेसमध्ये रोडिनो त्यांच्यातले. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पायथ्याशी नव्या कायद्यावर सही केली. आपले डॉक्टर-इंजिनिअर त्यानंतर आले. जोर लावणाऱ्या इटालियनांच्या मनात आपण नव्हतो, त्यांना स्वतःच्या मामा-मावश्या इटलीहून आणायच्या होत्या. पण दार उघडलं ते आपल्यालाही.

नेण्यासारखी वस्तू म्हणजे मास कार्ड. कुठल्याही कॅथलिक चर्चच्या ऑफिसात थोडी देणगी देऊन मिळतं. गेलेल्या माणसाच्या नावानं तिथे मास होतो. आपण हिंदू असलो तरी चालतं. घरच्यांना फुलांपेक्षा त्याचं मोल जास्त वाटतं. दुसऱ्या दिवशी मासला गेलात तर सगळे उभे राहतील तेव्हा उभे राहा, शेजारी हात पुढे करेल तेव्हा हातात हात द्या. प्रसादाची चकती घ्यायला मात्र रांगेत जाऊ नका, ती कॅथलिकांसाठीच. जागेवर बसून राहिलं तर कुणी वळून बघत नाही. स्मशानाकडे गाड्या रांगेनं जातात, दिवे लावून. त्या रांगेत मध्येच गाडी घालू नका. नंतर एखाद्या रेस्तराँमध्ये जेवण असतं. पास्ता, चिकन, वाइन, आणि चक्क मोठमोठ्यानं हसणं. आपल्याकडचे सासू-सासरे आलेले असतील तर त्यांना हे विचित्र वाटेल. त्यांना सुतक पाळायचं असेल, घरी येऊन अंघोळ करायची असेल, तर करू द्या. तुम्हाला बोलावलं तर जेवायला थांबा.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. एकट्यानं प्रॅक्टिस करणारे वकील गेले की त्यांच्या फायली दुसऱ्या वकिलाकडे जातात. कुणीच नसेल तर कोर्टही माणूस नेमू शकतं. घराच्या खरेदीखताची नोंद काउंटीकडे असते, तिची काळजी नको. मृत्युपत्राची मूळ प्रत मात्र त्यांच्या तिजोरीत असेल, तर ती मागून घ्या. वेकमध्ये नाही हं! दोन-तीन आठवडे जाऊ द्या, मग ऑफिसात फोन करा. फोन बहुधा त्यांची सेक्रेटरीच उचलेल, आणि वेकला आला होतात हे तिच्या लक्षात असेल.