फायबर घरात आलं, स्पीड मात्र येईना: या चुका टाळा

१०० एमबीपीएसचा प्लॅन, ओटीवर बसून मोबाइलवर लावलेली स्पीड टेस्ट आणि आकडा १८. मग लगेच कंपनीला फोन. पहिली चूक इथेच होते. मोबाइलवरच्या टेस्टमध्ये लाइन आणि वायफाय दोन्ही मिसळलेले असतात, त्यामुळे दोष कुणाचा ते कळत नाही. लाइन मोजायची तर लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा, घरातले बाकीचे मोबाइल आणि टीव्ही नेटवरून काढा आणि मग टेस्ट लावा. एकदा सकाळी, एकदा रात्री नऊच्या सुमारास. केबलवर ९० च्या वर आकडा आला तर बाहेरची लाइन ठणठणीत आहे, दोष घरात शोधायचा. ही एक टेस्ट केल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. डाउनलोड करताना सेकंदाला १२ एमबी दिसत असेल, तर तोच तुमचा पूर्ण १०० एमबीपीएस आहे. प्लॅनचा वेग बिटमध्ये मोजतात, डाउनलोड बाइटमध्ये. एका बाइटमध्ये ८ बिट असतात, म्हणून आकडा लहान दिसतो.

चिऱ्याची भिंत आणि राउटरची जागा

कोकणातल्या घरांत वायफायचं सगळ्यात जास्त नुकसान जांभ्या चिऱ्याच्या भिंती करतात. भिंत जाड, दगड सच्छिद्र, त्यात पावसाळ्यात धरलेली ओल. आणि पाणी रेडिओलहरी शोषून घेतं. अशा घरात राउटर बहुधा फायबर जिथून आत येते तिथेच ठोकलेला असतो: पडवीच्या कोपऱ्यात, टीव्हीच्या मागे, नाहीतर लोखंडी कपाटावर. त्याऐवजी आतली फायबर थोडी लांब घ्यायला सांगा आणि राउटर माजघरात, जमिनीपासून पाच-सहा फुटांवर, मोकळ्या भिंतीवर लावा. छपरावर पत्रे घातले असतील तर लहरी तिथून परत फिरतात, म्हणून खळ्यात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये घरातलं वायफाय नीट पोचेल अशी अपेक्षा ठेवू नका.

वायफाय दोन बँडवर, म्हणजे लहरींच्या दोन पट्ट्यांवर चालतं. २.४ गिगाहर्ट्झ बँड भिंतीतून बऱ्यापैकी पार होतो, पण प्रत्यक्षात ३० ते ५० एमबीपीएसच्या आसपास अडतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आहे, पण चिऱ्याच्या एका भिंतीपलीकडे बराच क्षीण होतो. दोन्ही बँडना एकच नाव असलं की मोबाइल पुष्कळदा हळू बँडलाच चिकटून राहतो. राउटरच्या सेटिंगमध्ये दोघांना वेगळी नावं द्या. २.४ साठी चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी एक निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा.

जिथे सिग्नल आधीच मरतुकडा आहे तिथे स्वस्त रिपीटर लावणं ही सर्रास होणारी चूक. एकच बँड असलेला रिपीटर त्याच चॅनलवर घेतो आणि त्याच चॅनलवर पुढे पाठवतो, म्हणजे वेग निम्म्यावर. त्यापेक्षा शुद्ध तांब्याची कॅट ६ केबल ओढा आणि दुसऱ्या टोकाला राउटर अॅक्सेस पॉइंट मोडमध्ये (केबलने आलेलं नेट फक्त वायफायने पसरवण्याच्या सेटिंगवर) लावा. केबलची मर्यादा १०० मीटर. वाडीत होमस्टेच्या खोल्या वेगळ्या इमारतीत असतील तर मात्र उघड्यावरून तांब्याची केबल नेऊ नका, विजेच्या कडकडाटात दोन्हीकडची उपकरणं जातात. तिथे पोलादी तार नसलेली फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल एकमेकांना जोडणारे छोटे डबे) लावणं योग्य.

आकडा ९४ वर अडला तर

प्लॅन २०० किंवा ३०० चा आणि केबलवरची टेस्ट कायम ९३-९५ वर थांबते? मग फायबरचा काही संबंध नाही, लॅनची जोडणी १०० वर अडकली आहे. गिगाबिटसाठी (१००० एमबीपीएस) केबलमधल्या आठही तारा जुळाव्या लागतात. किनाऱ्याजवळ खाऱ्या हवेने प्लगचे संपर्क हिरवे पडतात, एक तार सुटते आणि वेग १०० वर उतरतो. टोक कापून नवा आरजे-४५ प्लग (लॅन केबलच्या टोकाचा) क्रिंप करा, म्हणजे खास पकडीने दाबून बसवा. तरीही फरक पडला नाही तर पोर्टच १०० चा आहे का ते तपासा.

फायबरचा प्रकाश किती येतोय

ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. तो बहुधा १९२.१६८.१.१ असतो आणि राउटरखालच्या लेबलवर छापलेला असतो. आत पॉन किंवा ऑप्टिकल स्टेटसमध्ये 'आरएक्स पॉवर', म्हणजे फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद दिसेल. ती डीबीएममध्ये मोजतात, आकडा शून्यापासून जितका खाली तितका प्रकाश कमी. −१५ ते −२४ डीबीएम उत्तम. नेहमीच्या जीपॉन (एका फायबरवरून अनेक घरांना नेट देण्याची पद्धत) उपकरणांची खालची मर्यादा −२७ च्या आसपास असते. ३ डीबी कमी झाले म्हणजे प्रकाश निम्मा झाला. लाइन चांगली चालत असताना हा आकडा कागदावर लिहून राउटरला चिकटवून ठेवा. जुलैत तुलना करायला तोच कामी येतो.

इथे एक मोठा गैरसमज आहे. प्रकाश कमी झाला की वेग सावकाश आणि एकसारखा कमी होत नाही. लाइन तुटते, व्हिडिओ अडकतो, पॉनचा दिवा लुकलुकतो. आकडा −२० आहे आणि वेग मात्र कायम ४० च, तर फायबर बदलायला लावून उपयोग नाही.

आकडा खरंच घसरला असेल तर कारणं ठरावीक आहेत. खिळ्याला गुंडाळलेली किंवा सुतळीने करकचून बांधलेली वायर, दारात चेमटलेली वायर, माडाची झावळ पडून ताणलेली किंवा माकडांनी ओढलेली वायर, पाणी शिरलेली जॉइंटची पेटी. वेटोळं सहा सेंटिमीटरपेक्षा लहान नको. वायर घरात शिरण्याआधी खाली झोळ ठेवावा, म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं. हिरवा कनेक्टर तिरका घासलेला असतो, निळा सरळ. दोघांना एकमेकांत जोडलं की मध्ये फट राहते आणि प्रकाश वाया जातो. टोक शर्टाला पुसू नका, आणि डोळ्यासमोर तर अजिबात धरू नका, हा प्रकाश दिसत नाही.

वीज

अडॅप्टर बिघडला की घरात सापडेल तो लावला जातो. १२ व्होल्ट १.५ अँपिअर मागणाऱ्या राउटरला सेट-टॉप बॉक्सचा कमी अँपिअरचा अडॅप्टर दिला, तर लोड वाढताच राउटर आपोआप रीस्टार्ट होतो. व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, असं पाहूनच घ्या. घरी मिनी यूपीएस चालू असताना, गावात वीज गेल्यावर काही वेळाने लाल एलओएस दिवा (फायबरमधून प्रकाश येत नसल्याची खूण) लागला, तर केबलचालकाकडची बॅटरी संपली असण्याची शक्यता मोठी.

फक्त रात्रीच हळू

जीपॉनमध्ये सुमारे २.५ जीबीपीएस एका फायबरवरून ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. गणपतीत चाकरमानी आले की प्रत्येक घरात मोबाइल वाढतात. केबलवर सकाळी ९५, रात्री २० आणि प्रकाश ठीक, असं असेल तर नवा राउटर घेणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी प्लॅनची महिन्याची डेटामर्यादा संपली नाही ना ते बघा. अनेक प्लॅनमध्ये ती ओलांडली की वेग २ किंवा ४ एमबीपीएसवर आणतात. मर्यादा शिल्लक असेल तर तक्रार नोंदवा, पण 'नेट स्लो आहे' एवढंच सांगू नका. केबलवरच्या दोन्ही टेस्टचे स्क्रीनशॉट, वेळ आणि आरएक्स पॉवर द्या आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. दखल घेतली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे त्या नंबरावर अपील करता येतं.