तीस घटक, पाच रंग: सोनोबे गोळ्याची रंगसंगती

तीस सोनोबे घटकांचा, म्हणजे टोके एकमेकांच्या कप्प्यांत खोचून जोडायच्या ओरिगामीतल्या कागदी तुकड्यांचा, गोळा पहिल्यांदा जोडायला घेतला तेव्हा मी पाच रंगांचे प्रत्येकी सहा घटक दुमडून ठेवले होते आणि पहिल्या शिरोबिंदूभोवती, म्हणजे पाच घटक जिथे एकत्र येतात त्या बिंदूभोवती, रंगांचा जो क्रम लागेल तोच उरलेल्या अकरा शिरोबिंदूंभोवती ठेवायचा, असे ठरवले होते. हा बेत पहिल्याच त्रिकोणात कोसळला, कारण त्याच्या तिसऱ्या कडेसाठी एक टोक एक रंग मागत होते आणि दुसरे टोक दुसराच.

मुळात प्रत्येक घटक म्हणजे वीस त्रिकोणी पृष्ठांच्या आयकोसाहेड्रनची एक कड, आणि प्रत्येक त्रिकोणावर एक छोटा पिरॅमिड उभा राहतो; म्हणून घटक रंगवणे म्हणजे कडा रंगवणे. प्रत्येक शिरोबिंदूपाशी पाच कडा येतात, तिथे पाचही रंग एकदाच यावेत एवढेच आवश्यक आहे. गंमत अशी की सममित मांडणीत, म्हणजे गोळा कसाही फिरवून स्वतःवर बसवला तरी एका रंगाच्या सगळ्या कडा मिळून एकाच रंगाच्या जागी येतात अशा मांडणीत, बाराही शिरोबिंदूंवरचे चक्राकार क्रम वेगवेगळे असतात.

ही मांडणी लावण्यासाठी मला एकच नियम पुरला. कोणतीही कड त्रिकोणाचा पाया मानावी, समोरच्या शिरोबिंदूकडे जावे आणि तिथे त्रिकोणाच्या दोन बाजू सोडून उरलेल्या तीन कडांपैकी मधली, म्हणजे सरळ पुढे जाणारी कड, त्याच रंगाची घ्यावी. असे करत गेल्यास एका रंगाच्या सहा कडा परस्परांना लंब असलेल्या तीन समांतर जोड्यांत बसतात.

नवशिक्याने मात्र आधी बारा घटकांचा, अष्टफलकावर (आठ त्रिकोणी पृष्ठांच्या आकारावर) आधारलेला गोळा तीन रंगांत करावा. तिथे एका रंगाचे चार घटक मिळून मधोमध जाणारा चौरस होतो आणि डोळ्यांना सवय लागते. तीस घटकांसाठीही तीन रंग चालतात, प्रत्येकी दहा घेऊन प्रत्येक पिरॅमिडवर तिन्ही आणता येतात, पण गोळा स्वतःवर बसेल असा तो ज्या साठ प्रकारे फिरवता येतो, त्या सगळ्यांत टिकणारी सममिती त्यात मिळत नाही. माझ्या मते पाच रंगच घ्यावेत, फक्त दिव्याखाली सारखे दिसणारे निळा आणि हिरवा एकत्र नकोत.

टोके कप्प्यात पूर्ण खोचण्याआधी पडताळणी करावी, कारण घट्ट बसलेला घटक ओढून काढताना त्याची घडी चुरगळते. एखादा पिरॅमिड निवडून गोळा उलटा करावा: नेमक्या विरुद्ध बाजूच्या पिरॅमिडवर तेच तीन रंग दिसले पाहिजेत, मात्र बाहेरून पाहताना त्यांचा फिरण्याचा क्रम उलटा असला पाहिजे.