वजन एकाच आकड्यावर अडकलंय? खाणं आणि व्यायाम यांचा हिशोब नव्यानं कसा जुळवायचा

पहिले दोन-तीन महिने वजन भराभर उतरतं. मग काटा एका आकड्यावर येऊन थांबतो आणि पुढे सरकायचं नाव घेत नाही. खाणं तेच, चालणं तेच, तरी ढिम्म. अशा वेळी बहुतेक जण रात्रीचं जेवण बंद करतात, नाहीतर चालण्याचा वेळ एकदम दुप्पट करतात. आठवडाभर बरं वाटतं, मग भूक आणि थकवा असे उसळतात की उतरलेलं वजन परत चढतं. आणखी उपाशी राहण्याआधी हिशोब तपासा, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. तो कसा तपासायचा ते क्रमानं बघू.

पायरी 1: वजन खरंच अडकलंय का?

अंगातलं पाणी एका दिवसात किलो-दीड किलो कमीजास्त होऊ शकतं. रविवारी हॉटेलात जेवलात, वर लोणचं-पापड झाला, की सोमवारी काटा वर जातोच. पण एक किलो चरबीत सुमारे 7700 कॅलरी असतात. एका रात्रीत गरजेपेक्षा तेवढं जास्त कुणी खात नाही, म्हणजे ते वाढलेलं वजन पाण्याचं. नवा व्यायाम सुरू केल्यावर दुखऱ्या स्नायूंतही पाणी साठतं. पाळीच्या आधी काही दिवस अनेकींचं वजन असंच वाढलेलं दिसतं.

म्हणून रोज सकाळी पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा. पाळी येत असेल तर मागच्या महिन्यातल्या त्याच दिवसांशी तुलना करा. सोबत बेंबीच्या पातळीवर टेप लावून कंबर मोजा. चार आठवडे सरासरी आणि कंबर दोन्ही जागच्या जागी असतील, तरच वजन अडकलंय म्हणायचं. कंबर कमी होत असेल तर काही बदलू नका, तुमचं बरोबर चाललंय.

पायरी 2: आजच्या वजनाचा हिशोब मांडा

वजन उतरलं की शरीराची गरजही उतरते, आणि नेमकं हेच बहुतेकांच्या लक्षात येत नाही. 1990 साली प्रसिद्ध झालेलं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र घरी सहज वापरता येतं. किलोतलं वजन गुणिले 10, अधिक सेंटिमीटरमधली उंची गुणिले 6.25, वजा वय गुणिले 5. त्यातून स्त्रियांनी 161 वजा करायचे, पुरुषांनी 5 मिळवायचे. ही झाली नुसतं पडून राहिलं तरी लागणारी ऊर्जा. बैठं काम असेल तर तिला 1.4 नं गुणा.

समजा, 42 वर्षांच्या, 158 सेंटिमीटर उंचीच्या बाई 78 किलोंवरून 70 वर आल्या. आधी त्यांची दिवसाची गरज साधारण 1955 कॅलरी होती, आता ती 1843 आहे. त्या पूर्वीही 1500 कॅलरी खात होत्या आणि आजही तेवढ्याच खातात असं धरलं, तर रोजची तूट, म्हणजे गरज आणि खाणं यांतला फरक, 455 वरून 343 वर आली. शिवाय कमी खाणारं शरीर आणखी थोडी काटकसर करतं. प्रयोगशाळेतल्या मोजणीत हे वारंवार दिसलंय.

तरीही तूट शिल्लक आहे, मग काटा का हलत नाही? उरलेली तूट बहुतेक वेळा स्वयंपाकघरात गळत असते.

पायरी 3: आठवडाभर प्रत्येक घास लिहा

1992 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास छापून आला. ‘1200 कॅलरींपेक्षा कमी खाऊनही आमचं वजन उतरत नाही’ असं सांगणाऱ्यांचं खाणं त्यात काटेकोरपणे मोजलं. त्यांनी सांगितलेलं खाणं प्रत्यक्षापेक्षा सरासरी 47 टक्क्यांनी कमी निघालं आणि सांगितलेली हालचाल 51 टक्क्यांनी जास्त. चयापचय मात्र ठीकठाक होतं. ही माणसं खोटारडी नव्हती. खाल्लेलं सगळं लक्षात राहत नाही, इतकंच.

आपल्या घरात सगळ्यात जास्त गळती तेलाची. फोडणीला किटलीतून धार सोडली की किती पडलं ते कुणालाच कळत नाही. त्यासाठी महिन्याचा हिशोब करा. एक लिटर तेल सुमारे 910 ग्रॅम भरतं, म्हणजे जवळजवळ 8200 कॅलरी. चौघांच्या घरात महिन्याला तीन लिटर संपत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज सुमारे 205 कॅलरी नुसत्या तेलाच्या येतात. तेच दोन लिटरवर आणलं तर 137. भाजी-आमटीची चव न बिघडवता घरातल्या सगळ्यांच्या ताटातून रोज 68 कॅलरी गेल्या. याहून सोपी कपात मला तरी माहीत नाही. पुढच्या महिन्याचा किराणा आणल्यावर डब्यावर तारीख लिहून ठेवा, आणि फोडणीचं तेल पोह्याच्या चमच्यानं मोजूनच घाला.

मग शेंगदाण्याचा कूट. कोशिंबिरीत किंवा वांग्याच्या भाजीत तुमच्या वाट्याला दोन मोठे चमचे, म्हणजे 15 ग्रॅम आला, तर 85 कॅलरी झाल्या. दाणे पौष्टिक आहेत, जरूर खा, पण वहीत लिहा. दिवसातून चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, की 160 कॅलरी. दूध वेगळं. उपासाची खिचडी तर डोळे झाकून ‘हलकी’ धरली जाते. कोरड्या साबुदाण्यात 100 ग्रॅमला साधारण 350 कॅलरी असतात, त्यात दाणे आणि तूप वेगळं. मुलांच्या ताटात उरलेलं आणि चव बघताना खाल्लेलंही वहीत यायला हवं.

पायरी 4: तूट ताटात आणि पायांत वाटून घ्या

वरच्या उदाहरणातल्या बाईंच्या वहीत 1500 ऐवजी 1700 निघाले असं समजू. म्हणजे तूट उरली 143. या वेगानं महिन्याला जेमतेम अर्धा किलो उतरेल, आणि पाण्याच्या चढउतारात तो दिसणारसुद्धा नाही. त्यांनी दोन छोटे चमचे तेल कमी केलं (80 कॅलरी) आणि चहातली साखर निम्मी केली (80 कॅलरी). उरलेल्या 100 कॅलरींसाठी पाऊण तासाच्या आतलं चालणं पुरतं. तूट पुन्हा 400 च्या घरात आली, आणि ताटातली भाकरी तशीच राहिली.

सगळी तूट व्यायामावर का टाकायची नाही? 70 किलोंच्या माणसाला ताशी पाच किलोमीटर वेगानं तासभर चालल्यावर 245 कॅलरी लागतात. पण त्यातल्या 70 बसून राहिलं तरी लागल्याच असत्या. निव्वळ फायदा 175. एका मोठ्या समोशात त्याहून जास्त असतात. म्हणून मनगटावरच्या घड्याळानं दाखवलेल्या कॅलरी ‘कमावल्या’ असं समजून खाऊ नका.

शिवाय व्यायाम वाढवला की शरीर दुसरीकडे खर्च आवरतं. टांझानियातले हाद्झा लोक शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगतात, आपल्यापेक्षा कितीतरी जास्त चालतात. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत त्यांचा दिवसाचा एकूण ऊर्जाखर्च, शरीराचं आकारमान लक्षात घेता, शहरी पाश्चात्त्य माणसाएवढाच निघाला. हृदय, रक्तदाब, साखर, झोप या सगळ्यासाठी चालणं हवंच. वजनाचं ओझं मात्र एकट्या चालण्यावर टाकू नका.

पायरी 5: स्नायू वाचवा

खूप कमी खाऊन नुसतं चालत राहिलं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवा, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. जिम नसली तरी चालतं. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या खांद्याच्या वर उचलणं. प्रत्येकी 8 ते 12 वेळा, तीन फेऱ्या. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. सोपे जायला लागले की वजन वाढवा, तीच बाटली वर्षभर उचलण्यात अर्थ नाही.

प्रथिनंही मोजा. निरोगी प्रौढांसाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) शिफारस किलोमागे 0.83 ग्रॅमची आहे. वजन उतरवताना 1.2 पर्यंत जाणं बरं, म्हणजे 70 किलोंना 84 ग्रॅम. अंड्यात 6, वाटीभर घट्टसर वरणात 6-7, शंभर ग्रॅम पनीरमध्ये साधारण 18 आणि 30 ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत 15 ग्रॅम मिळतात. पोळी-भाजी आणि पातळ आमटी एवढ्यावर हा आकडा गाठता येत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवा.

पायरी 6: उरलेल्या दिवसाकडे बघा

कमी खाणारा माणूस नकळत कमी हलतो. सकाळी चालून आलो म्हणून दिवसभर सोफ्यावर, जिन्याऐवजी लिफ्ट. मोबाइलवर आत्ताची रोजची पावलं बघा आणि त्यात 2000 मिळवा. त्याच्या साधारण 50 कॅलरी होतात.

पायरी 7: एकेक बदल, चार आठवडे

सगळं एकदम बदललं तर कशाचा उपयोग झाला ते कळत नाही. आधी तेल-साखर, मग पावलं, मग ताकदीचा व्यायाम. सहा-सात महिने सलग कमी खात आला असाल तर पंधरा दिवस पायरी 2 मधल्या पूर्ण गरजेइतकं खा. चयापचयात जादू होणार नाही, पण थकलेल्या माणसाला पुढचा टप्पा गाठायला बळ येतं. त्या पंधरवड्यात काटा थोडा वर गेला तर घाबरू नका.

1200 कॅलरींच्या खाली डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय जायचं नाही. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खाणं कमी करण्याआधीच डॉक्टरांशी बोला, डोस बदलावा लागू शकतो. हे सगळं चोख करूनही तीन महिन्यांत सरासरी हलली नाही, किंवा केस गळणं, सतत थंडी वाजणं, पाळी चुकणं असं काही सोबत असेल, तर थायरॉइड आणि पीसीओएस (स्त्रियांमधला बीजाशयाशी संबंधित हार्मोन्सचा विकार) यांची तपासणी करून घ्या. जाताना ती वही बरोबर न्या.