माळ्यावरचा हंटर

नौपाड्यातल्या मामाच्या माळ्यावर हॉकर हंटर या ब्रिटिश लढाऊ जेट विमानाचा, जोडून बनवायच्या प्लॅस्टिक मॉडेलचा जुना 1/72 किट (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढा) मिळाला. सगळे भाग शाबूत, पण डावा पंख पापडासारखा वाकलेला. ठाण्याच्या पत्र्याखाली इतके उन्हाळे काढल्यावर दुसरं काय होणार!

पंख आधी सरळ केला. उकळतं पाणी नको, प्लॅस्टिक पार लोळागोळा होतं. हाताला जेमतेम सोसेल त्याहून थोडं जास्त गरम पाणी घेतलं, पंख मिनिटभर बुडवला, काचेवर दाबून धरला आणि तसाच गार पाण्याखाली नेला. तिसऱ्या खेपेला जमलं.

खरी मजा शेपटीत. किट हंटरच्या ब्रिटिश एफ-6 या प्रकाराचा, मला हवा होता भारतीय हवाई दलाचा एफ-56. त्याला उतरल्यावर वेग कमी करायला ब्रेक पॅराशूट असायचं, म्हणून जेट पाइपच्या, म्हणजे इंजिनाचा झोत बाहेर पडतो त्या नळीच्या, वर एक फुगवटा यायचा. किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडून येतात, तिचा उरलेला तुकडा घासून तो बनवला. फटींसाठी त्याच प्लॅस्टिकचा चुरा मॉडेलच्या पातळ गोंदात विरघळवून लांबी (फटी बुजवायचा लगदा) केली. बाजारातल्या लांबीसारखी हीसुद्धा वाळताना थोडी आक्रसते. म्हणून दोन दिवस वाळू द्या. मी घाई केली आणि घासताना खड्डा पडला.

नाकात मासेमारीचं शिसं भरलं, नाहीतर विमान शेपटीवर बसतं. पंखांवरच्या गोल खुणा कंपासने आखून रंगवल्या: बाहेर केशरी, मग पांढरा, मध्ये हिरवा. मामा चष्मा लावून बघत राहिला, म्हणाला, "चाकं तेवढी वाकडी आहेत." आहेत खरी.