धबधब्याचं पाणी नक्की कुठे जातं? या चुका टाळा

घाटमाथ्यावरच्या धबधब्याचा फोटो टाकून खाली 'हे पाणी थेट अरबी समुद्रात' असं बिनधास्त लिहिणारे पुष्कळ भेटतात. समुद्र जवळ, म्हणजे पाणी तिकडेच जाणार, हा हिशेब सह्याद्रीत हमखास फसतो. गोदावरीचा उगम त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर. अरबी समुद्र तिथून जेमतेम ८० किलोमीटर, तरी ही बाई १,४६५ किलोमीटर चालून बंगालचा उपसागर गाठते.

आंबोलीचंच घ्या. घाटरस्त्यावर ज्याच्याखाली सगळे भिजतात, तो मुख्य धबधबा कोकणात उतरतो. त्याच आंबोलीत गुहेतून निघणारी हिरण्यकेशी मात्र आजरा, गडहिंग्लज करत पूर्वेला जाते, घटप्रभेला मिळते आणि घटप्रभा कृष्णेला. एकाच गावात पडलेला पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो! तेव्हा गावाचं नाव नको, उतार कुठे आहे ते बघा. महाबळेश्वरचा लिंगमळा धबधबा वेण्णेचा, म्हणजे पाणी कृष्णेत. शेजारची सावित्री तेवढी कोकणात जाते.

नावावर तर अजिबात जाऊ नका. अकोल्याकडची पूर्णा चांगदेवला तापीला मिळून पश्चिमेला जाते. येलदरी धरणाची पूर्णा वेगळी, ती गोदावरीची.

धरण मध्ये आलं की गणित आणखी बदलतं. कोयना खरं तर हेळवाकपाशी पूर्वेला वळून कराडला कृष्णेत जाते. पण वीजनिर्मितीसाठी तिचं पाणी बोगद्यांतून पोफळीकडे उतरवतात आणि ते वाशिष्ठीतून चिपळूणमार्गे अरबी समुद्रात जातं. धरणाच्या खोऱ्यातलं पाणी विचारताय की वीजघरातून सुटलेलं, हे आधी ठरवा.

मोबाइलच्या नकाशात निळी रेघ झाडीत गायब झाली, तर उगमापासून शोधत बसू नका. खालच्या संगमापासून वर या. समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, दिसत असतील तर ओढ्यापाशी त्यांना इंग्रजी व्हीसारखा बाक येतो. त्याचं टोक नेहमी चढाकडे, म्हणजे पाणी उलट्या दिशेला.

शेवटची चूक जिवावर बेतणारी: 'इथे पाऊस नाही, उतरू या पाण्यात.' पाणलोट वर, डोंगरामागे असतो; पाऊस तिथे पडतो आणि लोंढा इथे येतो. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहून येऊ लागला, की सामान गोळा करायला थांबू नका. ज्या काठाने आलात, त्याच काठाने वर चढा.